फेज कॉन्ट्रास्टखाली डायटमचे फोटो: पाणी, डीपीएक्स की नॅफ्रॅक्स?

घाटपायरी (सांगली)

डायटमचा (काचेसारख्या कवचाच्या एकपेशीय, सूक्ष्म शेवाळाचा) फोटो उठत नाही म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो कॅमेरा बदलायचा. माझ्या मते कॅमेरा हा शेवटचा मुद्दा आहे. डायटम कशात बसवलाय आणि त्यावर प्रकाश कसा टाकलाय, या दोन गोष्टींचा मेळ नसला की महागडा सेन्सरही काही करू शकत नाही. म्हणून हा धागा.

डायटमचं कवच सिलिकाचं. अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती मंदावतो त्याचं माप) साधारण १.४३. पाण्याचा १.३३. कवच प्रकाश शोषत नाही, फक्त त्याला किंचित मागे पाडतं. अर्धा मायक्रॉन जाडीचं कवच धरलं तर ०.५ × ०.१० = ०.०५ मायक्रॉन, म्हणजे ५० नॅनोमीटर. ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाच्या लहरीचा हा अकरावा भाग झाला. एवढा फरक डोळ्यालाही कळत नाही आणि सेन्सरलाही नाही, त्यामुळे ब्राइटफील्डमध्ये, म्हणजे मायक्रोस्कोपच्या साध्या उजेडात, रिकामं कवच जेमतेम दिसतं.

फ्रिट्स झेर्निके यांनी १९३०च्या दशकात यावर फेज कॉन्ट्रास्टचा उपाय काढला. १९५३चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. कंडेन्सरखाली (स्लाइडखालच्या, प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाखाली) एक पारदर्शक कडं असतं आणि ऑब्जेक्टिव्हमध्ये (स्लाइडजवळच्या भिंगात) त्याच्या प्रतिमेवर तंतोतंत बसणारी फेज रिंग. सरळ आलेला प्रकाश रिंगमधून जाताना पाव लहरीने सरकतो आणि बराच मंदही होतो. कवचाने विखुरलेला प्रकाश बहुतांश रिंगच्या बाहेरून जातो. दोन्ही पुन्हा एकत्र आले की मागेपुढे झालेल्या लहरींचा फरक उजेड-अंधार होऊन दिसतो.

पण हा फरक लहान असेपर्यंतच हिशेब सरळ राहतो. तेच अर्ध्या मायक्रॉनचं कवच वेगवेगळ्या पदार्थांत बसवून बघा:

पाण्यात ५० नॅनोमीटर. ग्लिसरीनमध्ये (१.४७) फक्त २०. डीपीएक्समध्ये (लॅबमधलं कायमस्वरूपी स्लाइडचं राळ, १.५२) ४५. नॅफ्रॅक्समध्ये (चढ्या अपवर्तनांकाचं राळ, १.७च्या आसपास) १३५, म्हणजे जवळपास पाव लहर. कोरड्या हवेत २१५.

यातच सगळं आलं. पाणी आणि डीपीएक्स फेजसाठी उत्तम. ग्लिसरीनमध्ये फेज लावूनही फिकट. नॅफ्रॅक्समध्ये फेज लावला की कडेला पांढरी झळाळी, मध्ये करडा गोंधळ आणि कवचावरच्या बारीक रेषा हरवलेल्या. नॅफ्रॅक्स बनलंच आहे ब्राइटफील्डसाठी, तिथे फेज बंद करा.

एक लक्षात ठेवा, पॉझिटिव्ह फेजमध्ये (आपल्याकडे मिळणारे बहुतेक किट हेच) पाण्यातलं कवच पार्श्वभूमीपेक्षा गडद दिसतं, आणि डीपीएक्समध्ये उजळ, कारण तिथे कवचाचा अपवर्तनांक भोवतालापेक्षा कमी आहे. तीच जात दोन स्लाइडवर उलटसुलट दिसली तर गोंधळू नका.

कोयनाकाठ (कराड)

हिशेब पटला. पाण्यातल्या स्लाइडबद्दल भर घालतो, कारण तिथेच जास्त फोटो वाया जातात.

साधा ड्रॉपर एका थेंबात साधारण ५० मायक्रोलिटर पाणी टाकतो. २२ × २२ मिलिमीटरच्या कव्हर स्लिपचं क्षेत्रफळ ४८४ चौरस मिलिमीटर. म्हणजे काचेखाली १०० मायक्रॉन जाडीचा थर. डायटम त्यात वरखाली तरंगतात, फोकसबाहेरच्या प्रत्येक कणाची झळाळी फोटोत उतरते आणि पार्श्वभूमी ढगाळ होते. १० मायक्रोलिटर घेतलं तर थर २० मायक्रॉनचा होतो आणि चित्र लगेच स्वच्छ दिसतं. मायक्रोपिपेट नसेल तर थेंब टाकून कव्हर स्लिपच्या कडेला टिपकागद लावायचा आणि स्लिप किंचित खाली बसेपर्यंत पाणी ओढून घ्यायचं. फार ओढलं तर पिनुलारियासारखे मोठे डायटम चिरडतात, तेव्हा १० एक्सखाली (दहापट मोठं दाखवणाऱ्या ऑब्जेक्टिव्हखाली) बघत बघत ओढा. कडा व्हॅसलीनने बंद केल्या की पाऊण-एक तास पाणी सुकत नाही आणि प्रवाहही थांबतो.

खळगा असलेल्या स्लाइडवर किंवा उघड्या थेंबावर फेज लावू नका. पाण्याचा बाक भिंगासारखा वागतो आणि कड्याची प्रतिमा रिंगवरून सरकते.

आणि हलणारे डायटम. नॅव्हिक्युला, निट्झशिया हे वंश सेकंदाला १० मायक्रॉनने सहज सरकतात. चित्रात ०.२ मायक्रॉनपेक्षा जास्त ओढ नको असेल तर एक्स्पोजर १/५० सेकंद किंवा त्याहून कमी हवं. फेज रिंग बराच प्रकाश खाते, त्यामुळे ४० एक्सला दिवा पूर्ण ठेवावा लागतो.

नवशिका_इस्लामपूर

माझ्याकडे अंबाल्याचं फेज किट आहे, फिरत्या चकतीवर १०, २०, ४०, १०० असे आकडे. १० एक्सला छान दिसतं, ४० एक्सला नुसतं करडं. कडं जुळवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? सोबत एक छोटी दुर्बीण आली आहे, ती कुठे लावायची?

भिंगवाला (मिरज)

ती सेंटरिंग टेलिस्कोप, अख्ख्या किटमधली सगळ्यात कामाची वस्तू.

आधी चकती ब्राइटफील्डच्या जागेवर ठेवा आणि स्लाइडवर १० एक्सने फोकस करा. फील्ड डायफ्रॅम (दिव्यावरची लहान-मोठी होणारी झडप) असेल तर तो बारीक करून त्याची कड स्पष्ट होईपर्यंत कंडेन्सर वरखाली करा, ती कड मध्यभागी आणा आणि मग डायफ्रॅम उघडा. फील्ड डायफ्रॅम नसेल तर दिव्याच्या काचेवर पेन्सिलीचं टोक धरा आणि ते डायटमसोबत स्पष्ट दिसेल तिथे कंडेन्सर थांबवा. ही उंची महत्त्वाची आहे. ती चुकली तर कड्याची प्रतिमा रिंगपेक्षा लहान-मोठी पडते आणि स्क्रू कितीही फिरवले तरी जुळत नाही.

आता ४० एक्स लावा, चकतीवर ४० आणा. एक आयपीस काढून त्या जागी टेलिस्कोप घाला आणि तिचं वरचं टोक आतबाहेर करून काळसर रिंग स्पष्ट दिसेपर्यंत फोकस करा. रिंगवर किंवा शेजारी एक उजळ कडं दिसेल. कंडेन्सरच्या मागच्या बाजूचे दोन स्क्रू फिरवून ते उजळ कडं काळ्या रिंगच्या पूर्ण आत बसवा. एका बाजूने केसाएवढं जरी बाहेर राहिलं तरी तो प्रकाश मंद न होता थेट सेन्सरवर येतो आणि फोटो करडा होतो. तुमचा आजार हाच दिसतोय. १० एक्सला रिंग रुंद असते म्हणून थोडी चूक खपून जाते.

प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला हे वेगळं करा. स्वस्त कंडेन्सरमध्ये एकाचं जुळवलं की दुसऱ्याचं हलतं, म्हणून ज्याने फोटो काढायचा त्याचं शेवटी.

कंडेन्सरचा आयरिस (त्यातली लहान-मोठी होणारी झडप) मात्र पूर्ण उघडा हवा. ब्राइटफील्डच्या सवयीने तो बारीक केला की कडंच झाकलं जातं. चकतीवरचा आकडा आणि ऑब्जेक्टिव्ह जुळत नसले तरी फेज मिळत नाही. पण १० एक्स ऑब्जेक्टिव्हला मुद्दाम १००चं कडं लावून बघा. सगळा सरळ प्रकाश ऑब्जेक्टिव्हच्या बाहेरून जातो आणि फुकटात डार्कफील्ड मिळतं. काळ्या पार्श्वभूमीवर डायटम चांदीसारखे उठतात, आणि अख्ख्या स्लाइडवर कुठे काय आहे ते शोधायला यापेक्षा बरी सोय नाही.

खडकशेवाळ (सातारा)

डीपीएक्सबद्दल माझा आक्षेप आहे. जात ओळखायची तर ब्राइटफील्ड आणि चढ्या अपवर्तनांकाचं राळच हवं. ओळखीसाठी छापलेली बहुतेक चित्रं स्वच्छ केलेल्या कवचांची, ब्राइटफील्डमधली असतात. फेजमध्ये ठिपके फोकसच्या जराशा फरकाने काळ्याचे पांढरे होतात. रेषा मोजायच्या म्हटल्या तर खात्री राहत नाही. शिवाय कंडेन्सरचं पूर्ण एनए (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश हाताळतं त्याचं माप) फेजमध्ये मिळत नाही, कड्यापुरतंच मिळतं. अँफिप्ल्युरा पेल्युसिडा या डायटमच्या रेषा १० मायक्रॉनमध्ये ३७ ते ४० असतात, म्हणजे अंतर पाव मायक्रॉनच्या आसपास. १०० एक्स, १.२५ एनएच्या ऑब्जेक्टिव्हची मर्यादा हिरव्या प्रकाशात ०.२२ मायक्रॉन, तीही कंडेन्सर तितकाच उघडा असेल तर. तिथे फेजने पाऊल टाकू नये.

घाटपायरी (सांगली)

रेषा मोजायला ब्राइटफील्ड, यावर वाद नाही. पण नॅफ्रॅक्स परदेशातून मागवावं लागतं आणि महाग पडतं. डीपीएक्स मिरजेच्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतं आणि लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानात सहज मिळतं. पातळ कवचाचे निट्झशिया, लहान नॅव्हिक्युला, सायक्लोटेला डीपीएक्समध्ये ब्राइटफील्डला जवळपास अदृश्य असतात. फेजखाली ४० एक्सला त्यांचा आकार, मधली रेघ, जाडसर पट्ट्या स्पष्ट येतात. वंशापर्यंत पोचायला तेवढं पुरतं. ज्याला नॅफ्रॅक्स परवडत नाही त्याने कायमस्वरूपी स्लाइड बनवूच नयेत, हे मला मान्य नाही.

डीपीएक्सची कृती अशी. स्वच्छ केलेला गाळ डिस्टिल्ड वॉटरमध्ये इतका पातळ करा की पाणी जेमतेम दुधट दिसेल. कव्हर स्लिपवर थेंब पसरवा. स्लाइडवर नव्हे, कव्हर स्लिपवरच, म्हणजे डायटम काचेला चिकटून राहतात आणि ऑब्जेक्टिव्ह ज्या ०.१७ मिलिमीटर काचेसाठी बनलंय तेवढीच काच मध्ये येते. स्लिप १.५ नंबरची घ्या. झाकून, पंखा बंद ठेवून रात्रभर वाळू द्या. घाईने तापवलं तर सगळे डायटम कडेला गोळा होतात. वाळल्यावर झायलीनचा एक थेंब टाका. कवचाच्या छिद्रांतली हवा त्याने निघून जाते. हवा अडकली की ते कवच काळं ठिक्कर दिसतं आणि नंतर काही करता येत नाही. झायलीन उडून जाण्याआधी डीपीएक्स टाका, जरा सढळ हाताने, कारण वाळताना ते आकसतं आणि कडेने हवा आत शिरते. स्लिप उलटी करून स्लाइडवर ठेवा. आडवी ठेवून आठवडाभर वाळवा, नाहीतर ऑइल इमर्शनला स्लिप सरकते. झायलीनचं काम उघड्या खिडकीशी, विस्तवापासून लांब.

खडकशेवाळ (सातारा)

वंशापर्यंत म्हणत असाल तर मान्य. मग कॅप्शनमध्ये "डीपीएक्स, फेज" एवढं लिहाच. नाहीतर पुढचा माणूस उजळ कवच बघून भलतीच जात ठरवतो.

मळीरान (पलूस)

नमुना स्वच्छ करण्यावर कोणी लिहिलं नाही, आणि आपल्याकडे खरी अडचण तीच आहे. काळ्या मातीची चिकण. कृष्णेच्या घाटावरचा थर घेतला तर डायटमपेक्षा मातीच जास्त येते.

घेतानाच काळजी घ्या. पावसाळ्यात पुराचं पाणी खडक धुऊन काढतं आणि वर गाळ बसवतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी संथ आणि निवळ असतं. वाहत्या पाण्यातले, १० ते ३० सेंटिमीटर खोलीवरचे पाच दगड घ्या. तपकिरी, बुळबुळीत थर हवा. हिरवा असेल तर बहुतेक दुसरं शेवाळ. डायटमचा तपकिरी रंग फ्युकोझँथिनचा. ट्रेमध्ये थोडं पाणी घेऊन वरची बाजू टूथब्रशने घासा. प्रत्येक ठिकाणी नवा ब्रश, कारण जुन्याच्या केसांत अडकलेले डायटम पुढच्या नमुन्यात जातात. हरिपूरला वारणेचा संगम, कराडला प्रीतिसंगम, साताऱ्याजवळ संगम माहुली, या तिन्ही ठिकाणी संगमाच्या वर आणि खाली वेगवेगळे नमुने घेतले तर तुलना करायला चांगलं साहित्य मिळतं.

चुनखडी आधी घालवा. बेसॉल्टच्या मुलखातलं पाणी, त्यात कॅल्शियम भरपूर. पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंब थेंब टाका, फेस थांबेपर्यंत. ही पायरी गाळून सल्फ्युरिक ॲसिड वापरलं तर जिप्समच्या सुया तयार होतात आणि त्या फेजखाली डायटमपेक्षा जास्त चमकतात. ॲसिड दोन-तीनदा पाण्याने धुऊन काढा.

मग हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानातलं २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, ते फार सावकाश काम करतं. १०० व्हॉल्यूम म्हणजे ३० टक्के, ते हवं. ५ मिलिलिटर गाळाला २० मिलिलिटर, आणि बीकर २५० मिलिलिटरचा. एवढा मोठा कशाला, तर काळ्या मातीत आणि जांभ्यात मँगनीज असतं, त्याने पेरॉक्साइड एकदम उसळून बाहेर येतं. म्हणून थोडं थोडं टाका. रात्रभर थंड ठेवा, दुसऱ्या दिवशी ८० ते ९० अंशांवर दोन-तीन तास. गाळ पांढरा-राखाडी झाला की झालं. हातमोजे आणि चष्मा नसेल तर हे काम करू नका, ३० टक्के पेरॉक्साइड कातडी भाजतं. ॲसिटोन जवळपासही नको.

उरली चिकणमाती. १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्यात २ मायक्रॉनचा मातीचा कण तळाला जायला सुमारे ८ तास लागतात. म्हणून भांडं ८ तास स्थिर ठेवायचं, वरचं गढूळ पाणी हलकेच ओतून टाकायचं, पुन्हा भरायचं. वरचं पाणी निवळ होईपर्यंत. २ तासांत ओतलं तर ४ मायक्रॉनपर्यंतचे कणही जातात आणि त्यांच्याबरोबर लहान निट्झशियाही. मातीचे गोळे सुटत नसतील तर एका धुण्यात अमोनियाचे दोन-तीन थेंब. पुढच्या धुण्यात ते काढून टाका, अल्कधर्मी पाण्यात सिलिका हळूहळू विरघळते.

नवशिका_इस्लामपूर

कडं जुळलं, ४० एक्सला फरक प्रचंड आहे! आता मोबाइलने काढतोय, पण फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आणि एका फोटोत अर्धाच डायटम फोकसमध्ये.

भिंगवाला (मिरज)

पट्टे एलईडीमुळे. दिवा मंद केला की तो वेगाने चालू-बंद होत असतो आणि छोट्या एक्स्पोजरला ते पकडलं जातं. दिवा पूर्ण ठेवा, उजेड शटरने कमी करा. मोबाइलची मुख्य लेन्स वापरा, वाइड नको. फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक करा, नाहीतर फोन पांढऱ्या झळाळीवरच फोकस करतो.

अर्धा फोकस हे साहजिक आहे. ४० एक्स, ०.६५ एनएला फोकसची खोली साधारण १.३ मायक्रॉन. १०० एक्स, १.२५ला अर्धा मायक्रॉन. कवच त्यापेक्षा उंच असतं. बारीक फोकसच्या चाकावर बहुतेक ठिकाणी एक रेघ म्हणजे २ मायक्रॉन, तुमच्या मायक्रोस्कोपच्या माहितीपत्रकात बघून घ्या. ४० एक्सला अर्ध्या-अर्ध्या रेघेने, नेहमी एकाच दिशेने चाक फिरवत पाच ते आठ फोटो काढा. दिशा बदलली की चाकातली ढिलाई मध्ये येते. पिकोले हे स्टॅकिंगचं, म्हणजे असे फोटो जोडून एक करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. फेजमध्ये जास्त फोटो जोडू नका. प्रत्येक थराची झळाळी जोडली जाते आणि डायटमभोवती दुहेरी-तिहेरी कड तयार होते. ब्राइटफील्डला वीस चालतील, फेजला आठच्या वर माझी शिफारस नाही.

कॅमेरा घ्यायचाच झाला तर मेगापिक्सेल बघू नका, पिक्सेलचा आकार बघा. ४० एक्स, ०.६५ला मर्यादा ०.४२ मायक्रॉन. ०.५ एक्स ॲडॉप्टरमधून सेन्सरवर ती ८.४ मायक्रॉनची होते, तिला दोन पिक्सेल हवेत, म्हणजे ४.२ मायक्रॉनचा पिक्सेल पुरतो. त्याहून बारीक पिक्सेलने फाइल मोठी होते, तपशील वाढत नाही.

हिरवा फिल्टर मात्र घ्या. फेज रिंग हिरव्या प्रकाशासाठीच बेतलेली असते आणि साधी ॲक्रोमॅट ऑब्जेक्टिव्हही हिरव्यातच सगळ्यात नीट दुरुस्त केलेली असतात. फोटो कृष्णधवल करून टाका, कवचाला तसाही रंग नाही. स्लाइडच्या रिकाम्या भागाचा एक फोटो त्याच सेटिंगने काढून ठेवा आणि इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फोटोला त्याने भागा. धुळीचे डाग आणि कोपऱ्यातला अंधार निघून जातो.

कोयनाकाठ (कराड)

स्टेज मायक्रोमीटरचाही एक फोटो, प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला. १ मिलिमीटरचे १०० भाग, एक भाग १० मायक्रॉन. स्केल नसलेल्या फोटोवरून डायटमबद्दल काहीच ठरवता येत नाही.

नवशिका_इस्लामपूर

कासच्या पठारावरच्या डबक्यांत काही मिळेल का?

खडकशेवाळ (सातारा)

मिळेल, आणि नदीपेक्षा वेगळं. जांभ्यावरचं पावसाचं साठलेलं पाणी, क्षार कमी. अशा पाण्यात युनोशिया, पिनुलारिया हे वंश शोधायचे. जाड कवचाचे असतात, त्यामुळे फेजमध्ये झळाळी जास्त. त्यांना ब्राइटफील्ड किंवा तिरपा प्रकाश द्या. पण कास २०१२पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय तिथून काही उचलू नका, आणि डबक्यात पाय तर घालूच नका, त्या पातळ मातीच्या थरावरच पठाराची फुलं उभी असतात. शेजारच्या एखाद्या खाजगी सड्यावर मालकाला विचारून चमचाभर पाणी आणि तळाचा गाळ घेतला तरी पुरतं.

आपल्या भागावर काम झालेलं नाही असं समजू नका. एच. पी. गांधी यांनी गेल्या शतकातच कोल्हापूर, पन्हाळा परिसरातले डायटम बारकाईने अभ्यासले होते. सांगली-साताऱ्याच्या पाण्यातले फोटो स्केलसकट, ठिकाणासकट साठत गेले तर त्या कामाशी ते लावून बघता येतील.

घाटपायरी (सांगली)

त्यासाठी स्लाइडवरची नोंद सगळ्यांनी सारखी ठेवूया. डायमंड पेन्सिलने काचेवर क्रमांक, कागदी चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, दगड की गाळ, आणि कशात बसवलंय ते. डीपीएक्स असेल तर पुढे "फेज", नॅफ्रॅक्स असेल तर "ब्राइट". उरलेला स्वच्छ गाळ टाकू नका. थोड्या अल्कोहोलमध्ये छोट्या बाटलीत ठेवला तर कोणाकडे नॅफ्रॅक्स आलं की त्याच नमुन्याची दुसरी स्लाइड करून रेषा मोजता येतील. हरिपूरच्या बाटल्या माझ्याकडे आहेत, कोणाला हव्या असतील तर निरोप पाठवा.